गणिताची प्रवेश परीक्षा आणि आपली मुले
(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यान)



दहावीचा निकाल लागला की सातारा-सांगलीच्या घराघरांत सीईटीची चर्चा सुरू होते. सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयाची वाट मुख्यतः याच परीक्षेतून जाते. तेव्हा तिचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु गणिताची प्रवेश परीक्षा म्हणजे एवढेच, हा समज मात्र तपासून पाहण्याजोगा आहे.

आपल्या समाजाला गणित परके नाही. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंग याच्या काळात महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने १९६३ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. दहा रंगांच्या कापडांतून तीन रंग निवडायचे, तर किती प्रकारे निवडता येतील? महावीराचार्यांचा नियम असा, की वरून खाली येणाऱ्या तीन संख्यांचा गुणाकार, म्हणजे १० × ९ × ८, याला १ × २ × ३ ने भागावे. उत्तर १२०. ऋण संख्या ही कोणत्याही संख्येचा वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, हेही त्यांनी स्पष्ट नोंदविले. पुढे युरोपात याच अडचणीतून संमिश्र संख्यांचा जन्म झाला. हे दोन्ही विषय आज अकरावीच्या पुस्तकात आहेत, आणि अकरावी हेच आपल्या मुलांनी विश्रांतीचे वर्ष मानले आहे! सीईटीत अकरावीच्या निवडक प्रकरणांना सुमारे २० टक्के स्थान असते, आणि हे दोन्ही विषय त्यांत मोडतात. ज्याचे अकरावीचे पुस्तक कोरे राहिले, त्याने ते गुण परीक्षेआधीच गमावले.

सीईटीत गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात. एका प्रश्नाला १०८ सेकंद. येथे सराव आणि वेग यांचीच कसोटी लागते. याच्या अगदी उलट कसोटी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची. ही संस्था प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली स्थापन केली. तिच्या बंगळूर केंद्रात गणिताची पदवी मिळते आणि मिरजेहून बंगळूर एका रात्रीच्या प्रवासावर आहे. तरीही आपल्याकडील किती पालकांनी तिचे नाव ऐकले असेल? २०२४ पर्यंतच्या तिच्या प्रवेश परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका असत. एक पर्यायी उत्तरांची. दुसरीत दोन तासांत अवघी आठ उदाहरणे, तीही कारणांसह लिहून. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची परीक्षाही याच जातकुळीची.

लिहून म्हणजे काय? लागोपाठच्या तीन पूर्ण संख्यांच्या गुणाकाराला ६ ने भाग जातो. २ × ३ × ४ करून पाहिले, जमले, एवढ्याने गुण मिळत नाहीत. लागोपाठच्या तिघांत निदान एक सम असणारच, एकाला ३ ने भाग जाणारच, म्हणून गुणाकाराला ६ ने भाग जाणारच, असे मांडावे लागते. ही सवय शिकवणीच्या ठोकळेबाज नोट्समधून लागत नाही. रोज एक उदाहरण पूर्ण वाक्यांत लिहावे आणि जाणत्या शिक्षकाकडून तपासून घ्यावे, एवढाच तिचा मार्ग. जुन्या प्रश्नपत्रिका विनामूल्य उपलब्ध असतात. खर्च वहीचा आणि पेनाचा.

व्यापाऱ्याच्या मुलांना समजेल असा एक हिशेबही येथे सांगण्यासारखा आहे. सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तेव्हा प्रश्न कोरा सोडणे हा निव्वळ तोटा. स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या पर्यायी प्रश्नपत्रिकेत मात्र बरोबर उत्तराला ४, कोऱ्या प्रश्नाला १ आणि चुकीला शून्य अशी पद्धत होती. चार प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने एक बरोबर येऊन ४ गुण. चारही कोरे ठेवले तरी ४ गुणच! अंदाजाचा धंदा ना नफा ना तोटा. एक पर्याय खात्रीने बाद करता आला, तरच अंदाज फायद्याचा. परीक्षेला बसण्यापूर्वी नियमपत्रिका वाचावी ती यासाठी.

आता पैशाचा आणि जिवाचा प्रश्न. दोन वर्षांच्या शिकवणीसाठी मुलांना लातूर, पुणे, थेट कोटा येथे धाडले जाते. २०२३ साली कोट्यातून विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या वारंवार आल्या. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने १६ वर्षांखालील मुलांना शिकवणी वर्गांत घेऊ नये, अशी मार्गदर्शक सूचना काढली. पंधराव्या वर्षी घर सोडायला लावणाऱ्या पालकांनी ती अवश्य वाचावी. मुलीला दूर पाठवायचे नाही म्हणून तिचे गणितच सोडवायचे, ही दुसरी रीतही तितकीच अन्यायाची.

कर्मवीर भाऊराव पाटील कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये गणितात कच्चे होते. त्यांना वरच्या वर्गात घालावे म्हणून रदबदली झाली, तेव्हा शिक्षकांनी त्यांचा बाक वर पाठवीन, पण त्यांना नाही, असे बाणेदार उत्तर दिल्याची आठवण सांगितली जाते. तेच भाऊराव पुढे साताऱ्यात शिकवण्या घेत ‘पाटील मास्तर’ म्हणून ओळखले गेले आणि १९१९ साली त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. शिक्षकांनी नियम मोडला नाही, आणि विद्यार्थीही त्या निकालाने मोडला नाही.

जूनमध्ये अकरावीचे वर्ग भरतील. ट्रस्टच्या सभागृहात रविवारी सकाळी दोन तास, एक फळा आणि निवृत्त गणित शिक्षक एवढी सोय झाली, तरी आठवड्याला सात उदाहरणे तपासून होतील.