दात गेल्यावर



बाळंतपणे झाली की बाईचे दात जायचेच, असे आपण ऐकत आलो. मला हे मुळीच मान्य नाही. पोटातले मूल आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेत नाही. त्या दिवसांत हिरड्या सुजतात, रक्त येते, म्हणून बाई दात घासणेच टाळते. मग मुळाशी किटण साचते, हिरडीखालचे हाड झिजते आणि आधार गेलेला दात हलू लागतो. त्यात मिश्री! ती तर तंबाखूच. हिरड्या बिघडतात आणि कर्करोगाची भीती वेगळी.

गेलेल्या दाताची जागा रिकामी ठेवू नये. शेजारचे दात तिकडे कलतात, समोरासमोरचा दात लांबतो. पण घरात मुलाचा चष्मा लगेच येतो, आईची कवळी मात्र ‘दिवाळीनंतर’! तोवर ती भाकरी कालवणात कुस्करून खाते आणि दाणे, काकडी मुकाट्याने बाजूला सारते.

मी स्वतः कवळी लावते. सुरुवातीला ती टोचली, ‘स’ आणि ‘श’ नीट उमटेनात. मऊ भाताचे लहान घास दोन्ही बाजूंनी चावले, रोज पोथी मोठ्याने वाचली (घरातल्यांनी सोसले बिचाऱ्यांनी!), आणि जमले. रात्री कवळी काढून, घासून साध्या पाण्यात ठेवावी. कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो. जबड्याचे हाड पुढेही झिजतच असते, म्हणून कवळी काही वर्षांनी सैल होते. तेव्हा ती कपाटात ठेवून देऊ नका. दातांच्या डॉक्टरांकडून आतून भरून घ्या.