हरणाच्या रक्तातला ठिपका



‘कॉम्प्युटरवाली हरणांच्या रक्तात कशी शिरली?’ असं सकाळपासून चहाच्या रांगेत चौघांनी विचारलं, म्हणून त्यावरच बोलते. स्लाइडच्या फोटोंतून रक्तातले परजीवी शोधणारं सॉफ्टवेअर लिहिणं, हे सध्या माझं काम.

गीम्सा रंग दिलेला रक्ताचा पातळ थर हजारपट मोठा करून पाहायचा. लाल पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी दिसली तर बबेसिया. बारीक अंगठी, काडी किंवा स्वल्पविराम दिसला तर बहुधा थायलेरिया. पुस्तकात हे सोपं वाटतं. (बाई, ‘दिसले तेच काढा, पुस्तकातले नको’ हा तुमचा प्रयोगवहीतला लाल शेरा मला अजून आठवतो.) पण रंगाचा कण पेशीवर बसला की तोही तसाच दिसतो. अनुभवी माणूस फोकस किंचित फिरवतो. परजीवी पेशीबरोबरच स्पष्ट होतो, कण वेगळ्या पातळीवर राहतो. एकाच फोटोत ती सोय नाही. शिवाय अनेक जातींच्या हरणांच्या लाल पेशी शरीराबाहेर काढल्या की कोयत्यासारख्या वाकतात. गलिव्हर यांनी १८४० मध्येच हे पाहिलं होतं. हरीण मात्र ठणठणीत! माणसाच्या रक्तावर शिकलेल्या सॉफ्टवेअरची इथे भंबेरी उडते.

खरी पंचाईत वेगळीच आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणातला मलेरियाचा परजीवी १९६७ मध्ये टेक्सासमधल्या एकाच जनावरावरून नोंदवला गेला. मग तो जणू विसरलाच गेला. एलेन मार्टिन्सेन वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयातल्या डासांत पक्ष्यांचा मलेरिया शोधत होत्या, तेव्हा या परजीवीचा डीएनए हाती लागला. २०१६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं की काही ठिकाणी चारांतलं एक हरीण बाधित आहे. रक्तात परजीवी इतके विरळ, की स्लाइडवर दिसायचं नशीबच लागतं.

म्हणून आमच्या टीममध्ये वाद पेटला आहे. ग्राहकाला हिरवी खूण आणि ‘निगेटिव्ह’ एवढंच हवंय. मी म्हणते, ‘इतक्या पेशी पाहिल्या, त्यांत आढळला नाही’ असं छापा. हरणं एका जंगलातून दुसरीकडे हलवताना तो कागद पाहिला जातो. हरणासोबत परजीवी गेला, तर तिथल्या गोचिडी पुढचं काम करतात.

पुढच्या आठवड्यात बैठक आहे. सध्या तिघे विरुद्ध दोघे, आणि मी त्या दोघांत.