सही घरात नाही, सभेत
(वनहक्क दावेदारांच्या बैठकीत छत्रपती संभाजीनगर येथे केलेले भाषण)



मागं आमच्या एका वाडीत ग्रामसभेचं रजिस्टर घरोघर फिरलं. "सही करा, सभा झाली." म्हाताऱ्यांनी अंगठे दिले. सभा झालीच नव्हती. नंतर कळलं, वनहक्काचे दावे नामंजूर केल्याचा ठराव त्याच पानावर होता. म्हणून आज आम्ही एक जुनी गोष्ट काढली आहे.

1878 साली इंग्रजांनी जंगल कायदा केला. आपला मुलूख तेव्हा निजामाकडे. पण कन्नडचा घाट उतरला की खानदेश, म्हणजे इंग्रजांचा मुंबई इलाखा. तिथल्या भिल्लांच्या डोंगरावर हा कायदा बसला. जंगल राखीव करायचं, मुदतीत दावा लावला नाही त्याचा हक्क बुडाला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी दावा लावायचा कसा? हा कायदा व्हाइसरॉयच्या कौन्सिलानं केला. त्यात निवडून आलेला एकही माणूस नव्हता.

मुंबईचं कौन्सिल वेगळं. ते 1862 पासूनचं. सभासद गव्हर्नर नेमायचा. 1892 च्या कायद्यानं काही जागांवर माणसं निवडून जाऊ लागली, पण 'निवडणूक' हा शब्द सरकारनं कायद्यात येऊ दिला नाही. मत कुणाला? कॉर्पोरेशन, युनिव्हर्सिटी, नगरपालिका, लोकल बोर्डं, सरदार यांना. 1895 ला लोकमान्य टिळक असेच निवडून गेले. कसणाऱ्याला मत नाही, बायांना नाही, आपल्याला तर नाहीच.

आणि गेलेल्यांच्या हातात तरी काय होतं? बजेटवर बोला, प्रश्न विचारा, पण बजेटावर मत नाही. 1901 ला जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आली. फिरोजशहा मेहता म्हणाले, घाई करू नका. ऐकलं नाही. मेहता, गोखले आणि त्यांचे सोबती उठून बाहेर गेले. कायदा मात्र पास झालाच, कारण सरकारी बाजूचे हात जास्त होते.

आता आपलं बघा. 2006 च्या वनहक्क कायद्यात दाव्याची सुरुवात ग्रामसभेतून होते. तिथं आपल्याला कुणी नेमत नाही, निवडून यावं लागत नाही. गावातला प्रत्येक सज्ञान माणूस सभासद. नियम असा: निम्मे सभासद हजर पाहिजेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत, आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदार किंवा त्यांची माणसं समोर पाहिजेत. घरोघर फिरलेलं रजिस्टर म्हणजे सभा नव्हे.

टिळक-मेहतांना जे सभागृहात मिळालं नाही, ते आपल्याला पिंपळाच्या पारावर मिळालंय. आणि आपण ते अंगठ्यात देऊन टाकतो!

म्हणून तीन गोष्टी करा. रजिस्टर दारात आलं तर सही देऊ नका, सभा कधी आहे ते विचारा. सभेला बायांना आधी बसवा. ठराव मोठ्यानं वाचून घ्या, मगच हात वर करा. आणि ज्यांचे दावे फेटाळले त्यांनी 60 दिवसांच्या आत उपविभागीय समितीकडे अर्ज करायचा आहे. कागद लिहायला आम्ही येतो. चहासुद्धा नको, फक्त घरी सापडा.

जोहार! जिंदाबाद!