काका, ही एंट्री परत घ्या!

(मंडळाच्या नाट्यविभागाच्या सभेत, तालमी सुरू होण्यापूर्वी केलेलं भाषण)



आम्ही दोघं गेली काही वर्षं मिळून मंडळाचं नाटक बसवतो, म्हणून यंदा पहिल्यांदाच दिग्दर्शन करणाऱ्या तरुण मंडळींशी बोलायला आम्हाला उभं केलं आहे. विषयही नाट्यविभागानेच दिला: दिग्दर्शकाने दरडावायचं किती आणि मिसळायचं किती?

आपल्या मकरपुऱ्यात नट जीआयडीसीतली पाळी संपवून, डबा हातात घेऊन थेट तालमीला येतो. कोणी पोळ्या आटोपून, मुलांचा अभ्यास घेऊन येतं. बरं, ज्या काकांना आपण ‘ही एंट्री परत घ्या’ म्हणणार, त्यांनी आपल्याला लहानपणी कडेवर घेऊन आरतीला आणलेलं असतं. इथे बडोद्यातच, सयाजीराव विद्यापीठात, नाट्यशिक्षण मिळतं. पण तिथे हजेरी लागते, परीक्षा असते. व्यावसायिक नाटकात नाइट मिळते. आपल्याकडे यातलं काहीच नाही. नट रुसला तर आपण काय कापणार, त्याचा बटाटेवडा?

मग दिग्दर्शकाचं ऐकायचं का? आमच्या मते त्याचा अधिकार घड्याळापासून सुरू होतो. साडेआठची तालीम साडेआठलाच सुरू करावी. चौघंच आले असतील तर त्या चौघांचा प्रवेश घ्यावा. न आलेल्यांसाठी आलेल्यांना ताटकळत ठेवलं, की दुसऱ्या दिवशी तेही नऊला येतात. आणि साडेदहाला थांबावं. सकाळी सातची पाळी असलेल्याला मध्यरात्रीपर्यंत बसवून घेणारा कितीही गोड बोलला, तरी तो त्याचा मित्र नव्हे.

शिस्त लावली तर माणसं तुटतील, ही भीती नेहमीची. १९७२ साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केलेलं ‘घाशीराम कोतवाल’ आठवा. तीही हौशी मंडळीच. दिग्दर्शक जब्बार पटेल तर लहान मुलांचे डॉक्टर. त्या नाटकात ओळीने उभी राहिलेली माणसंच पडदा होतात, गातात, डोलतात. अशा भिंतीतला एक माणूस तालमीला आला नाही तर भोक सगळ्यांना दिसतं. पुढे संस्थेने प्रयोग थांबवले. तेव्हा त्यातल्या मंडळींनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी उभी केली, नाटक पुन्हा रंगमंचावर आणलं आणि १९८० मध्ये युरोपातही नेलं. इतकी कवायत केलेली माणसं एकत्रच राहिली.

उलट, खेळीमेळीने माणसं दुखावतात हे आम्ही जास्त पाहिलं आहे. इथे वाढलेली आपली मुलं गुजरातीच्या सवयीने ‘चाळ’ आणि ‘जावई’ यांतले च आणि ज वेगळे उच्चारतात. कोणीतरी नक्कल करतं, सगळे हसतात, तो मुलगाही हसतो. पण पुढच्या तालमीपासून त्या वाक्यावर त्याचा आवाज खाली जातो. त्याला बाजूला घेऊन चार वेळा म्हणवून घ्यावं, पाच मिनिटांचं काम आहे. थट्टेची सुरुवात दिग्दर्शकाने कधीच करू नये. त्याने केली की ती सर्वांना मोकळी होते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये तेंडुलकरांनी हौशी नाटकमंडळीच दाखवली आहेत, आणि खटल्याची गंमत करता करता ती बेणारेबाईंना कुठे नेऊन सोडतात ते आपण जाणतोच.

सगळ्यात अवघड काम म्हणजे भूमिका काढून घेणं. एका वर्षी एका ज्येष्ठ काकांना वाक्यं पाठ होईनात. प्रयोग तीन आठवड्यांवर आलेला. समोर काम करणाऱ्या मुलीला एकदाही नीट क्यू मिळत नव्हता. बिचारी दोघांची वाक्यं पाठ करून बसली होती. सगळे म्हणत, ‘मोठे आहेत, चालवून घ्या.’ पण फजिती झाली असती ती भर मांडवात, त्यांच्या सुना-नातवंडांसमोर. शिवाय त्या मुलीच्या मेहनतीचं काय?

आम्ही त्यांच्या घरी गेलो. तोवर दुसऱ्या कोणालाही सांगितलं नव्हतं. तब्येतीचं निमित्त पुढे केलं नाही. म्हणालो, ‘काका, ही भूमिका आम्ही दुसऱ्याला देतो आहोत. पाठांतर होत नाहीये. दोन वाक्यांचा पोस्टमन आहे, तो तुम्ही करावा अशी आमची इच्छा आहे.’ काकूंनी ठेवलेला चहा तसाच निवला. काका म्हणाले, ‘पोस्टमन तुम्हीच करा.’

प्रयोगाला ते आले, पहिल्या रांगेत बसले, आणि नाटक संपल्यावर त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून आमच्याशी न बोलता निघून गेले. तो अबोला वर्षभर होता. आम्ही दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेलो, तो काकूंनी घेतला. मनधरणीसाठी पुढची भूमिका कबूल करायचा मोह झाला होता, पण तसं केलं नाही. पुढच्या श्रावणात वर्गणीची पावती फाडायला गेलो तेव्हा काकांनी विचारलं, ‘यंदा नाटक कुठलं? आणि माणसं किती?’

तेव्हा तरुण दिग्दर्शकहो, असं घर तुमच्याही वाट्याला येईल. जायचं ते स्वतः जा, फोनवर उरकू नका, आणि सेक्रेटरींना तर अजिबात पाठवू नका. रविवारी पहिलं वाचन आहे. संहितेच्या प्रती तयार आहेत. येताना प्रत्येकाने पेन्सिल आणावी.