बालकांच्या मेंदूची जडणघडण आणि आपले लहान समाज



गर्भाच्या मेंदूत खोलवर जन्मलेल्या चेतापेशी बाहेरच्या दिशेने प्रवास करतात आणि पृष्ठभागाशी थरावर थर रचतात. हाच कॉर्टेक्स. बाराव्या ते विसाव्या आठवड्यांत हा प्रवास ऐन भरात असतो. पेशी वाटेतच अडकल्या तर मेंदू घड्यांविना सपाट राहतो. त्यास लिसेन्सेफली म्हणतात. कधी एखाद्याच भागातील रचना विस्कटते. दोष किती पसरला आहे त्यावर आकडी, मतिमंदत्व किंवा अवयवांची दुर्बलता अवलंबून असते.

अशा मुलाच्या आईस ग्रहणात काय केलेस, असे विचारणारे आजही भेटतात. त्याचा येथे काडीचाही संबंध नाही. क्वचित गर्भारपणी झालेला विषाणूचा संसर्ग कारण ठरतो; पुष्कळदा जनुकातील बदल, आणि तोही अनेकदा त्या मुलातच प्रथम घडलेला.

परंतु काही दोष आईवडील दोघांकडून येतात, आणि इथे आपल्यासारख्या लहान समाजांनी कान द्यावा. पेनसिल्व्हेनियाच्या लँकेस्टर परगण्यातील आमिश लोक मोजक्या पूर्वजांचे वंशज. त्यांच्या काही मुलांना लहानपणी आकडी सुरू होई आणि आलेली बोली मागे पडे. 1989 साली त्यांच्यासाठीच निघालेल्या ‘क्लिनिक फॉर स्पेशल चिल्ड्रन’च्या वैद्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याचे मूळ सीएनटीएनएपी2 या जनुकात दाखवले. कुटुंबांनी आपली दुखणी झाकली असती तर हा शोध लागणे कठीण होते.

आपल्याकडे स्थळाच्या भीतीने आकडीचे नाव घरातही उच्चारत नाहीत. हे मला घातक वाटते.

अमेरिकेत आणखी एक अडचण आहे. ‘ज्यू’ म्हटले की पुष्कळदा अश्कनाझी घराण्यांसाठी बेतलेली रक्ततपासणी सुचवली जाते. तीत वॉकर-वॉरबर्ग या गंभीर मेंदूविकाराचा त्यांच्यात आढळणारा बदल असतो. कोकणातून आलेल्या बेने इस्राएल दांपत्याला तिचा निर्वाळा पुरेसा नाही. आपले पूर्वज कोठले, आजोबा-आजी नात्यातले होते काय, हे जनुक-सल्लागारास स्पष्ट सांगावे आणि अधिक व्यापक तपासणी मागावी.

तान्हे मूल झोपेतून उठताना पुन्हा पुन्हा मान खाली टाकत असेल, हातपाय आखडत असेल, तर ती पोटदुखी समजून थांबू नका. मोबाइलवर चित्रण करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. ईईजी आणि एमआरआय लागतील. दोन योग्य औषधांनी आकडी न थांबल्यास शस्त्रक्रियेचा विचार करणाऱ्या एपिलेप्सी केंद्राकडे पाठवण्याचा आग्रह धरा. दोष एकाच जागी असेल तर तो भाग काढल्यावर कित्येक मुलांची आकडी थांबते.