संगणकावरचे विमान आणि अनेक कोअरचा प्रोसेसर

संगणकावरच्या फ्लाइट सिम्युलेटरवर पुण्याच्या लोहगावहून विमान उडवून दक्षिणेला कात्रज ओलांडले, की नसरापूर येते. उजवीकडे राजगड-तोरणा, समोर भाटघरचे पाणी. हे दृश्य सलग दिसण्यासाठी संगणकाला ते सेकंदाला तीसेक वेळा नव्याने रेखाटावे लागते. शिवाय पंखांवरचा हवेचा दाब, वारा, इंजिन, कॉकपिटमधली उपकरणे आणि पुढच्या प्रदेशाचा नकाशा, ही सारी कामे त्याच वेळी चालतात.

प्रोसेसरचा कोअर, म्हणजे त्यातला प्रत्यक्ष गणिते करणारा भाग, एकच असेल, तर डोंगर-दऱ्यांची नवी माहिती येताना चित्र अडखळते. अनेक कोअर असले, की ती माहिती उलगडण्याचे काम वेगळा कोअर उचलतो आणि उड्डाण सुरळीत राहते. मायक्रोसॉफ्टच्या 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स'मध्ये 2007च्या सुधारणेने ही सोय वाढली.

काम वाटून एकाच वेळी करण्याचे हे तत्त्व पुण्याला नवे नाही. इथल्या सी-डॅक या संस्थेने 1991 मध्ये अनेक प्रोसेसर जोडूनच 'परम 8000' हा महासंगणक उभारला.

मात्र कोअर दुप्पट झाले म्हणून वेग दुप्पट होत नाही. काही गणिते एकामागून एकच करावी लागतात आणि चित्र रेखाटण्याचा मुख्य भार ग्राफिक्स कार्डावर असतो. म्हणून विद्यार्थीमित्रांनो, सिम्युलेटरसाठी संगणक घेताना कोअरची संख्या पाहाच. पण एकेका कोअरचा वेग, रॅम आणि ग्राफिक्स कार्डही तितक्याच काळजीने तपासा.