कळलं नाही त्यांनी हात वर करा
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



शाळेत वक्तृत्व स्पर्धा जवळ आली की माझ्या पोटात दुखायचं. ते खोटं आहे हे बाईंना कळायचं, पण त्या बोलायच्या नाहीत. आज त्याहून मोठ्या खोट्याची कबुली द्यायला उभी आहे.

मागच्या मेळाव्याला मी आले नव्हते. ग्रुपवर लिहिलं होतं, ‘प्रोजेक्टची डेडलाइन आहे, सॉरी.’ डेडलाइन वगैरे काही नव्हती. मी बंगळूरच्या घरात पडदे ओढून पडले होते. आंघोळीलाही उठवत नव्हतं. त्याआधी वर्षभर सर्व्हर बंद पडला म्हणून रात्री दोनला फोन यायचे. झोप गेली. मग भर मीटिंगमध्ये छातीत धडधड, हात गार. हार्टचं दुखणं समजून ईसीजी काढला, तो नॉर्मल आला. शेवटी बहिणीने हाताला धरून मानसोपचारतज्ज्ञांकडे नेलं. नैराश्य आणि पॅनिक अटॅक, असं निदान झालं. गोळ्या आणि समुपदेशन सुरू झालं. हे आधी सांगते, कारण पुढची गोष्ट ऐकून कुणी गोळ्या बंद करून समुद्रावर पळू नये!

थोडं बरं वाटू लागल्यावर समुपदेशक म्हणाल्या, ‘आता शरीराला काहीतरी काम द्या.’ मला येत होतं ते एकच, पोहणं. मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेलं. ऑफिसमधली एक मुलगी सर्फिंगसाठी मुल्कीला जायची. मंगळूरच्या उत्तरेला शांभवी नदी समुद्राला मिळते, तिथलं हे गाव. तिच्याबरोबर रात्रीच्या बसने निघाले. वय वर्षं बेचाळीस.

आधी वाळूवर सराव. बोर्डवर पालथं झोपायचं आणि एका झटक्यात उठून उभं राहायचं. मग कमरेएवढ्या पाण्यात. बोर्ड वाहून जाऊ नये म्हणून त्याची दोरी घोट्याला बांधतात. ती बांधताना मला मामाचा डबा आठवला. त्या सकाळी किती वेळा पडले ते मोजलं नाही. नाकातोंडात खारं पाणी, गुडघे खरचटलेले. पण बाहेर आल्यावर लक्षात आलं, दोन तास मला स्वतःची आठवणच झाली नव्हती. लाट अंगावर येत असताना कालच्या मीटिंगचा विचार करताच येत नाही.

यात माझं काही विशेष नाही. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला २०१० पासून मानसिक त्रास असलेल्या मुलांना सर्फिंगला नेतात. दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळ म्युझेनबर्गच्या किनाऱ्यावर २०११ पासून असंच काम चालतं. तिथली मुलं हिंसाचार पाहत वाढलेल्या वस्त्यांमधली, आणि शिकवणारेही त्याच वस्त्यांमधले तरुण. म्हणजे नुसत्या पाण्याची ही जादू नाही. ठरलेल्या दिवशी कुणीतरी आपली वाट पाहत असतं, पडलो तरी हसत नाही आणि पुन्हा बोर्डवर चढवतं, हेही त्यात आलंच.

मुल्कीला शिकवणाऱ्या मुलाने पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला. पाण्याची ओढ आत खेचू लागली, तर सरळ किनाऱ्याकडे पोहायचं नाही. माणूस दमतो, आणि दमला की बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहायचं. ओढीचा पट्टा फारसा रुंद नसतो, तो संपला की बाहेर यायचं. तेही जमत नसेल तर नुसतं तरंगत राहायचं आणि हात वर करायचा.

मी वर्षभर नेमकं उलटं केलं होतं. ओढीविरुद्ध पोहत राहिले आणि हात खालीच ठेवला. पॅनिक अटॅक आला की आता मी त्याच्याशी झुंजत नाही. श्वास लांब सोडते आणि तो ओसरेपर्यंत तरंगत राहते.

आजही दहा लाटांतल्या तीनच लाटांवर मला उभं राहता येतं. एक छोटी गोळी अजून चालू आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही. आपल्या गावापासून समुद्र लांब आहे, प्रत्येकाने सर्फिंगच करावं असंही नाही. पण ओढ कुणाला लागली असेल, तर १४४१६ हा सरकारचा ‘टेलि-मानस’चा मोफत नंबर आहे. तिथे मराठीतही बोलता येतं. आणि आपला ग्रुप आहेच, फक्त त्यावर ‘डेडलाइन आहे’ असं लिहू नका.

गणिताच्या तासाला सर विचारायचे, ‘कळलं नाही त्यांनी हात वर करा.’ अर्ध्या वर्गाला कळलेलं नसायचं, तरी एकही हात वर व्हायचा नाही. सर, तीस वर्षं उशीर झालाय, पण आज मी हात वर करते आहे.